जुना टॅब, मोठा प्लॅन

मार्कंड्याच्या मुख्य मंदिराच्या बाहेरच्या भिंतींचे मी दुरुस्तीआधी काढलेले बहुतेक फोटो आता कुठेच नाहीत. टॅबमध्ये नाहीत आणि क्लाउडवरही नाहीत. टॅब चोरीला गेला नव्हता, पाण्यात पडला नव्हता. मी क्लाउडची जागा विकत घेतली, वर्षाचे पैसे एकदम भरले आणि त्यानंतर माझ्याच हाताने ते फोटो पुसले. हे कसं झालं ते सगळं लिहायचं ठरवलं आहे. आमच्याकडे कितीतरी घरांत मुलांनी किंवा भाच्यांनी दिलेला एक जुना टॅब असतो, आणि गेलेल्या माणसांचे आवाज, लग्नांचे फोटो, सातबाऱ्याच्या प्रती असं सगळं त्या एकाच वस्तूत साठलेलं असतं.

मी चामोर्शी तालुक्यातल्या शाळांत शिकवलं आणि निवृत्तीनंतर इथेच राहिले. मार्कंडा जवळ. वैनगंगा इथे उत्तरेकडे वळते, म्हणून या जागेला तीर्थाचा मान आहे आणि महाशिवरात्रीला काठावर मोठी जत्रा भरते. मंदिरांचा समूह साधारण नवव्या ते बाराव्या शतकांतला मानला जातो. अलेक्झांडर कनिंगहॅम १८७०च्या दशकात मध्य प्रांतात फिरला, तेव्हा त्याने या देवळांचं सविस्तर वर्णन आपल्या अहवालात केलं. मुख्य मंदिराचं शिखर वीज पडून ढासळलं होतं आणि नंतर एका गोंड राजाने त्याची डागडुजी केली, ही हकीगतही तेव्हापासून लिहिली जाते. पण वीज पडण्याआधी ते शिखर नेमकं कसं दिसत होतं, हे सांगणारं एकही चित्र आपल्याकडे नाही. वर्गात मुलांना हे सांगताना मला दरवेळी हळहळ वाटायची. म्हणून हातात कॅमेरा असलेली वस्तू आली तेव्हा पहिली मी मार्कंड्याला नेली.

ती वस्तू म्हणजे भाचीने नवा घेतल्यावर मला दिलेला टॅब. अँड्रॉइड ५ वर चालणारा, १६ जीबीचा, मागे ५ मेगापिक्सेलचा साधा कॅमेरा. त्या १६ जीबीतला मोठा वाटा सिस्टिमनेच व्यापलेला होता. तरी सकाळच्या तिरप्या उन्हात भिंतीवरच्या मूर्तींच्या एकावर एक ओळी त्यात बऱ्या यायच्या. सुरसुंदरींचे झिजलेले चेहरे, हत्ती, सिंह, शिवपार्वतीच्या मूर्ती, असं एकेका कोपऱ्यापासून सुरू करून मी भिंत पुरी करायचे. त्याच टॅबवर आत्याच्या ओव्या घेतल्या. आत्या जात्यावर म्हणायच्या त्या झाडीबोलीतल्या ओव्या घरात दुसऱ्या कुणालाच येत नव्हत्या. दंडार या आमच्याकडच्या लोकनाट्याच्या एका रात्रीचं चित्रीकरणही केलं.

२०२०च्या ऑगस्टअखेर वैनगंगेला मोठा पूर आला. वर गोसेखुर्द धरणाचं पाणी सोडलं होतं, आणि भंडाऱ्यापासून खाली गडचिरोली-चंद्रपूरपर्यंत काठच्या गावांत पाणी शिरलं. आमच्या ओळखीच्या एका घरातला कागदपत्रांचा पेटारा चिखलात सापडला. त्या रात्री मला पहिल्यांदा समजलं की माझ्याकडे जे काही आहे ते एका टॅबमध्ये, एका कपाटात, नदीपासून फार लांब नसलेल्या एका घरात आहे. क्लाउडवर ठेवायला हवं, हा विचार तेव्हाच आला. हा विचार चुकीचा नव्हता, आजही नाही. घराला पाणी लागलं, आग लागली तरी नागपूर-मुंबईच्या पलीकडे कुठेतरी प्रत शिल्लक राहते, हा क्लाउडचा खरा उपयोग आहे आणि कपाट कितीही भक्कम असलं तरी ते काम करू शकत नाही. माझ्या चुका पुढे झाल्या.

पहिली चूक अशी की मी न मोजता सुरुवात केली. टॅबवर आपोआप अपलोड चालू केलं आणि सगळंच वर जाऊ दिलं. गूगलच्या खात्याला १५ जीबी जागा मोफत मिळते, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. ती जागा जीमेल, ड्राइव्ह आणि फोटोज या तिन्हींत मिळून असते, हे लक्षात राहत नाही. पूर्वी फोटो थोडे दाबून ठेवायची तयारी असली तर ते या हिशोबात धरत नसत. १ जून २०२१पासून धरायला लागले. त्याआधी तशा प्रकारे चढवलेले फोटो मोजले जात नाहीत, नंतरचे मोजले जातात. अँड्रॉइडवरचा व्हॉट्सॲपचा बॅकअपही आता याच जागेत मोजला जातो. मी हे काहीच वाचलं नव्हतं. जत्रेचे लांबलचक व्हिडिओ वर जात राहिले आणि एक दिवस भाचीचा फोन आला की मावशी, तुला पाठवलेला मेल परत येतो आहे. जागा भरली की नवे फोटो तर थांबतातच, मेलही येणं थांबतं. निवृत्त माणसाचे पेन्शनचे, बँकेचे निरोप त्याच पत्त्यावर येतात. मी घाबरले, आणि घाबरलेल्या अवस्थेत प्लॅन निवडला.

मोबाइलच्या दुकानातल्या पोराला विचारलं. तो म्हणाला, ‘मॅडम, मोठाच घ्या जी, मंग भरतच नाही.’ त्याने चांगल्या मनाने सांगितलं. निर्णय मात्र माझा होता. दोन टीबीचा प्लॅन घेतला, आणि महिन्याच्या मानाने वर्षाचा स्वस्त पडतो म्हणून वर्षाचे पैसे एकदम भरले.

त्या दिवशी एक साधा गुणाकार-भागाकार केला असता तर मी तिथेच थांबले असते. माझ्या रिचार्जवर दिवसाला दीड जीबी डेटा मिळायचा. तो सगळाच्या सगळा, एकही दिवस न चुकता, अपलोडला दिला असता तरी दोन टीबी भरायला तेराशेहून जास्त दिवस, म्हणजे साडेतीन वर्षांच्या वर लागले असते. आणि तेही नेट चालू राहिलं तर. आमच्याकडे कवरेज येतं-जातं, पावसाळ्यात लाइन गेली की टॉवरही बंद. अपलोडचा वेग एक एमबीपीएस मिळाला तर तासाला साडेचारशे एमबीच्या आसपास जातं. म्हणजे जागा कितीही घेतली तरी ती भरायचा दरवाजा केवढा आहे, हे आधी बघायला हवं होतं. आम्ही पाचवीतल्या मुलांना हौद आणि नळाची गणितं शिकवतो. मी ती आयुष्यभर शिकवली, आणि इथे वापरली नाहीत.

पैसे भरले त्याच संध्याकाळी टॅबवर पुन्हा ‘जागा शिल्लक नाही’ असा निरोप आला. माझा समज असा होता की दोन टीबी घेतले म्हणजे टॅब आता मोकळा झाला. नागपुरात गोदाम भाड्याने घेतलं म्हणून घरातली धानाची ढोली मोठी होत नाही, एवढी सरळ गोष्ट माझ्या ध्यानात आली नाही. क्लाउडची जागा ही खात्याला मिळते. टॅबची स्वतःची जागा जेवढी होती तेवढीच राहते. उलट अपलोड करणारं ॲप स्वतःच्या कामासाठी टॅबमध्ये आणखी थोडी जागा घेतं, त्यामुळे माझी अडचण वाढलीच.

म्हणून मी जागा करायला बसले. ॲप उघडलं, ज्या फोटोंवर अपलोड झाल्याची खूण दिसत होती ते सगळे निवडले आणि डिलीट केले. वर सुरक्षित आहेत, खालचे काढले, असा माझा हिशोब होता. विचारणा आली होती. मी ती न वाचता ‘हो’ म्हटलं. मुख्य मंदिराच्या भिंती, मंडपाचे खांब, सगळं त्यात होतं. टॅब हलका झाला आणि मला बरंही वाटलं.

पुढच्या शिवरात्रीला मार्कंड्यात एका जुन्या विद्यार्थ्याने विचारलं, ‘बाई, तुम्ही घेतले होते ना हो अगोदरचे फोटो? ते दाखवा जी.’ मी तिथेच टॅब काढला. फोटो नव्हते. घरी येऊन क्लाउडवर पाहिलं, तिथेही नव्हते. भाचीला फोन केला.

‘मावशी, डिलीट कुठून केलं तू?’

‘ॲपमधूनच. वर गेले होते ना, मग इथले काढले.’

ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘ॲपमधून काढलं की दोन्हीकडून जातं गं.’

हाच या सगळ्या गोष्टीचा गाभा आहे आणि इथे मी थोडी रेंगाळणार आहे. अशा बहुतेक सेवांचं मुख्य काम दोन ठिकाणं एकसारखी ठेवण्याचं असतं. टॅबवर फोटो आला तर वर जातो, टॅबवर दुरुस्त केला तर वरही दुरुस्त होतो, आणि टॅबवर पुसला तर वरही पुसला जातो. याला सिंक म्हणतात. बॅकअप निराळा. मूळ प्रतीला काही झालं, अगदी आपण स्वतः ती पुसली, तरी जी हलत नाही ती प्रत म्हणजे बॅकअप. मी सिंकचे पैसे भरले आणि मनात धरून चालले की बॅकअप घेतला. टॅबमधली जागा मोकळी करायची, पण वरची प्रत ठेवायची, याची सोय या ॲपमध्ये असते. गूगल फोटोजमध्ये त्यासाठी जागा मोकळी करण्याचं वेगळं बटण आहे आणि ते फक्त खालची प्रत काढतं. साधं डिलीट दोन्हीकडची काढतं. पडद्यावर ही दोन बटणं एकमेकांपासून फार लांब नसतात, पण त्यांचा परिणाम अगदी उलटा आहे.

पुसलेला फोटो लगेच नाहीसा होत नाही, काही दिवस कचरापेटीत राहतो. गूगल फोटोजमध्ये बॅकअप झालेला फोटो ६० दिवस राहतो, वनड्राइव्हच्या वैयक्तिक खात्यात ३० दिवस, आयक्लाउडच्या फोटोंनाही साधारण तेवढीच मुदत. मला कळलं तोवर माझी मुदत उलटून कितीतरी महिने झाले होते. पुसल्यावर आठवड्याभरात एकदा जरी वर जाऊन पाहिलं असतं, तरी सगळं परत मिळालं असतं. मी पाहिलं नाही, कारण पैसे भरलेल्या वस्तूकडे पुन्हा बघायची गरज असते असं मला वाटलंच नव्हतं.

तोवर मुख्य मंदिराच्या दुरुस्तीचं काम सुरू झालेलं होतं. जुन्या स्थितीतल्या त्या भिंती आता पुन्हा तशा उभ्या राहणार नाहीत. घरातल्या वाढदिवसाचे फोटो गेले असते तर वाईट वाटलं असतं, पण पुढचा वाढदिवस आला असता. याला पुढचा काही नाही.

आत्याच्या ओव्या वाचल्या, आणि त्यात माझं कर्तृत्व काहीच नाही. रेकॉर्डिंग करताना टॅब भरलेला होता, म्हणून भाचीने तेव्हा ३२ जीबीचं मेमरी कार्ड घालून दिलं होतं. ते नंतर काढून मी शिवणाच्या डब्यात ठेवलं आणि विसरले. ते सापडलं तेव्हा आत्या जाऊन बरेच दिवस झाले होते.

एवढं झाल्यावरही मी तोच प्लॅन तसाच चालवत राहिले, कारण वर्षाचे पैसे गेलेले होते आणि ते वसूल करायचे होते. ही आणखी एक चूक. उरलेलं सगळं टॅबवरून वर चढवायचं ठरवलं. पडदा बंद झाला की जुन्या टॅबमधलं ॲप अपलोड थांबवायचं, म्हणून मी पडदा चालू ठेवून, चार्जर लावून, रात्रभर टॅब तसाच ठेवायला लागले. टॅब तापायचा. काही आठवड्यांनी पडद्याची एक कड वर उचललेली दिसली. बॅटरी फुगली होती. जुन्या लिथियम बॅटरीला सतत चार्जिंग आणि उष्णता सोसत नाही. फुगलेली बॅटरी दाबली किंवा टोचली गेली तर पेटू शकते. अशा वेळी चार्जिंग बंद करायचं, टॅब बिछान्यापासून आणि पोरांपासून लांब ठेवायचा आणि बॅटरी काढायचं काम जाणकाराकडेच द्यायचं, हे मी त्यानंतर शिकले. मी तो टॅब उशाशी ठेवून झोपत होते.

पण टॅब ताबडतोब बंद करता येईना, कारण माझ्या खात्यात शिरायचा तो एकच दरवाजा उरला होता. खातं उघडताना मी जो मोबाइल नंबर दिला होता त्या कंपनीचं कवरेज आमच्या भागात येईना, म्हणून मी सिम बदललं होतं. जुना नंबर रिचार्ज न केल्याने बंद पडला. असा न वापरलेला नंबर नव्वद दिवसांनंतर कंपनी बंद करू शकते आणि पुढे दुसऱ्या कुणाला देऊ शकते. नव्या फोनवर खातं उघडायला गेले तर ओटीपी त्या जुन्या नंबरावर जात होता. म्हणजे पैसे भरलेलं खातं, त्यातले उरलेले सगळे फोटो, आणि त्याची चावी फुगलेल्या बॅटरीच्या एका टॅबमध्ये.

भाची सुट्टी काढून नागपूरहून आली. टॅब अंगणात, सावलीत ठेवून तिने त्याच्या जुन्या ब्राउझरमधून खात्याची सेटिंग उघडली. पान उघडायला फार वेळ लागायचा, मध्येच बंद पडायचं. पासवर्ड मी डायरीत लिहून ठेवला होता, तो जुळला. तिने नवा नंबर घातला, स्वतःचा मेल पत्ता दुसरा पर्याय म्हणून घातला, आणि ओटीपी मिळाला नाही तर वापरायचे बॅकअप कोड कागदावर लिहून घेतले. नव्या फोनवर खातं उघडलं तेव्हाच टॅब बंद केला. आमच्यासारख्या कवरेज नसलेल्या भागात ते कागदावरचे कोड फार कामाचे आहेत. माझे आता आधार कार्डाच्या प्रतीबरोबर ठेवलेले आहेत.

जुन्या टॅबचं वय म्हणजे नेमकं काय, हे त्या दुपारी मला तिच्याकडून कळलं. टॅब दिसायला धडधाकट असतो, पण त्याची अँड्रॉइड एका जागी थांबलेली असते. अँड्रॉइड ५ आली २०१४मध्ये. क्रोम ब्राउझरने तिला २०२१मध्ये ९५व्या आवृत्तीवर सोडलं. अँड्रॉइड ७ला २०२३मध्ये ११९व्या आवृत्तीवर. आयपॅडचंही तसंच आहे, पहिला आयपॅड एअर आयओएस १२च्या पुढे गेला नाही. ॲपची नवी आवृत्ती जुन्या टॅबवर बसत नाही. जुनी आवृत्ती काही दिवस चालते आणि एके दिवशी सर्व्हर तिला ओळख देणं थांबवतो. सुरक्षित जोडणीसाठी लागणारी प्रमाणपत्रंही टॅबमध्ये जुनी होऊन बसतात, मग पान उघडतच नाही. मी प्लॅन घेताना कोणत्या कंपनीत किती जीबी किती रुपयांना मिळतात एवढंच पाहिलं. माझ्या टॅबवर त्यांचं ॲप आज बसतं का, आणि पुढच्या वर्षी बसेल का, हे बघायचं सुचलंच नाही. जागा दोन वर्षं टिकली आणि टॅबचा दरवाजा सहा महिन्यांत बंद झाला, तर त्या जागेचा उपयोग काय?

नंतर आम्ही दोघींनी मोजदाद केली, जी मी पहिल्याच दिवशी करायला हवी होती. उरलेले फोटो सगळे मिळून वीस जीबीच्याही आत. ५ मेगापिक्सेलचा एक फोटो दोन एमबीच्या आसपास असतो, तो भरणार तरी किती? आत्याच्या सगळ्या ओव्या आणि इतर आवाज मिळून दोन जीबी होत नाहीत, कारण साधं एमपी३ रेकॉर्डिंग तासाला साठ एमबीच्या आत बसतं. बाकी सगळी जागा व्हिडिओंनी खाल्लेली होती, मिनिटाला शंभर एमबीच्या हिशोबाने. आणि त्यातले बहुतेक व्हिडिओ जत्रेतल्या गर्दीचे, हललेले, पुन्हा कुणी पाहणार नाही असे. जे माझ्या जिवाचं होतं ते सगळ्यात कमी जागेत बसत होतं. जे टाकून देण्यासारखं होतं त्याच्यासाठी मी दोन टीबी घेतले होते. टाकाऊ व्हिडिओ निवडून काढल्यावर १०० जीबीचा लहान प्लॅन भरपूर झाला. गूगलचा तो बरीच वर्षं महिन्याला १३० रुपयांना किंवा वर्षाला १३०० रुपयांना मिळत आला आहे, आयक्लाउडचा ५० जीबीचा ७५ रुपयांना; दर बदलत राहतात, घेताना पाहून घ्यावेत. मी आता पहिले काही महिने महिन्याचाच घेते. थोडा महाग पडतो, पण जमलं नाही तर सोडता येतो.

एक बारीक चूक राहिली. भाच्याने आपल्या चांगल्या कॅमेऱ्याने मार्कंड्याचे काही फोटो काढून दिले होते, २४ मेगापिक्सेलचे. जागा वाचावी म्हणून मी दर्जा कमी करून ठेवण्याचा पर्याय निवडला होता. गूगल फोटोजमध्ये त्या पर्यायात १६ मेगापिक्सेलपेक्षा मोठे फोटो १६वर आणले जातात. टॅबच्या ५ मेगापिक्सेलच्या फोटोंना त्याने फार फरक पडत नाही, पण भाच्याच्या फोटोंतले एक तृतीयांश बिंदू गेले. झिजलेल्या मूर्तीच्या हातात नेमकं कोणतं आयुध आहे, हे बघायचं असतं तेव्हा तेच बिंदू लागतात. सुदैवाने मूळ फोटो त्याच्याकडे होते. घरच्या फोटोंना कमी दर्जा चालतो. मूर्ती, शिलालेख, जुने कागद यांना मूळ दर्जाच हवा. सगळ्याला एकच नियम लावायची गरज नसते, हे मला कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

आता व्यवस्था अशी आहे. टॅबची बॅटरी बदलून घेतली. तो आता फोटो काढायला, ओव्या ऐकायला आणि पोरांना दाखवायला आहे. क्लाउडशी त्याचा संबंध तोडला आहे. त्यात काढलेलं सगळं कार्डावर जातं. महिन्यातून एकदा ते कार्ड काढून नव्या फोनला लावते आणि निवडलेलं तेवढंच वर चढवते. पहाटे नेट बरं चालतं, म्हणून पहाटे. वर गेलेला एखादा फोटो दुसऱ्याच उपकरणावर, म्हणजे भाचीच्या लॅपटॉपवर, उघडून पाहिल्याशिवाय मी कार्डावरचं काहीही पुसत नाही. खरं तर पुसतच नाही, कार्ड भरलं की नवं घेते. कार्ड प्लॅनपेक्षा स्वस्त आहे.

गेलेल्या फोटोंसाठी मी माणसांकडे जायला लागले आहे. मार्कंड्याला शाळेच्या सहली गेल्या, शिवरात्रीला हजारो लोक आले, त्यांच्या जुन्या फोनांत पाठीमागे त्या भिंती असणारच. जुने विद्यार्थी शोधून पाठवतात. कुणाच्या लग्नानंतरच्या देवदर्शनाच्या फोटोत नवरा-नवरीच्या मागे दक्षिणेच्या बाजूचा कोपरा स्पष्ट दिसतो. प्रत्येकाला एवढीच विनंती करते की व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवू नका, तो दाबला जातो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे मूळ फाइल येते. काही भिंतींचे तुकडे असे पुन्हा जुळले आहेत. सगळे जुळणार नाहीत.

माझ्या पश्चात या खात्याचं काय, हाही प्रश्न सोडवून ठेवला. गूगल दोन वर्षं न वापरलेलं वैयक्तिक खातं बंद करू शकतं, डिसेंबर २०२३पासून ते लागू झालं. मात्र खातं किती महिने निपचित राहिलं तर कुणाला कळवायचं आणि काय सोपवायचं, हे आधी नोंदवून ठेवता येतं. मुदत तीन ते अठरा महिन्यांची निवडता येते. आयफोन-आयपॅडवरही वारस नेमायची सोय २०२१अखेरपासून आहे. बँकेत नॉमिनी घालायला आपण विसरत नाही. इथे मात्र माझ्या ओळखीच्या एकाही घरात कुणी नाव घातलेलं मला आढळलं नाही. मी भाचीचं घातलं.

ओव्यांचं आणि फोटोंचं दुसरं कार्डही तिच्याकडे नागपूरला असतं. कार्ड नुसतं ठेवून भागत नाही, तेही न वापरता खराब होतं, म्हणून दर दिवाळीला ती आली की आम्ही ते लॅपटॉपला लावून मधल्या मधल्या फाइल उघडून पाहतो. गेल्या खेपेला आत्याची एक ओवी अर्ध्यावर अडकली. क्लाउडवरची प्रत नीट होती, ती उतरवून घेतली आणि ते कार्ड बाजूला काढून नवं घेतलं.